इंटर्नल मोडेम लिनक्सवर मुका राहतो तेव्हा: आधी कार्ड ओळखा, ड्रायव्हर नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या डेस्कटॉपच्या पीसीआय स्लॉटात ५६के इंटर्नल मोडेम बसवलेला आहे आणि विंडोजवर तो नीट चालत होता. आता मशीनवर लिनक्स आहे. मिनिकॉममध्ये (सीरियल पोर्टवरून मोडेमशी बोलायचा प्रोग्रॅम) एटी ही मोडेमची कमांड टाइप केली तर काहीच उमटत नाही. टीटीवायएस० ते टीटीवायएस३ हे चारही सीरियल पोर्ट करून झाले. तुम्हाला साधी डायल-अप जोडणी हवी आहे, जमलं तर फॅक्स. शेवटी तुम्ही विचारलंय: ‘याचा ड्रायव्हर कुठे मिळेल, की सरळ फ्रीबीएसडी टाकू?’

ड्रायव्हर आणि फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. त्या कार्डावर अख्खा मोडेम आहे की अर्धाच, हे आधी ठरवायचं. त्याचं उत्तर हाती नसताना ड्रायव्हर शोधत बसलात तर दिवसच्या दिवस जातील, कारण एका जातीच्या कार्डाला ड्रायव्हर लागतच नाही आणि दुसऱ्या जातीला असा लागतो की तो तुमच्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) बहुधा चढणारच नाही.

(कमांड, फाइल आणि पोर्टची नावं खाली देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन लिपीत टाइप करायची. लिनक्समध्ये लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडतो: पोर्टच्या नावात ‘टीटीवाय’ लहान, त्यापुढची अक्षरं मोठी.)

मोडेमच्या पोटात तीन कामं चालतात. एक, संगणकाशी बाइट्सची देवाणघेवाण. हे यूएआरटी नावाची चिप करते आणि तिचा रूढ नमुना म्हणजे १६५५०ए. दोन, एटी कमांड समजून घेणं, चुका दुरुस्त करणं, डेटा आवळणं. हे कंट्रोलरचं काम. तीन, फोनच्या तारेवरचा आवाज आणि डेटा यांची उलटसुलट रूपांतरं. हे डीएसपीचं काम. तिन्ही कामं कार्डावरच होत असतील तर तो हार्डवेअर मोडेम. कर्नलला तो साध्या सीरियल पोर्टसारखा दिसतो आणि सीरियल पोर्टचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतोच. कंट्रोलरचं काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकललेलं असेल तर तो कंट्रोलरलेस. डीएसपीचं कामही प्रोसेसरवरच असेल तर तो पूर्ण सॉफ्टमोडेम. मग कार्डावर उरतात तार जोडायचे सॉकेट, थोडा लाइनचा भाग आणि आवाजाचे आकडे करणारी एक चिप. या शेवटच्या दोन्ही जातींना सरसकट विनमोडेम म्हणतात, कारण उरलेला मोडेम विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये होता. विंडोज पुसलंत तेव्हा तो अर्धा मोडेमही पुसला गेला. म्हणून ‘विंडोजवर चालत होता’ यावरून कार्ड जळलेलं नाही एवढंच समजतं, त्याची जात समजत नाही.

ओळखायचं कसं? खोक्यावरचं नाव, कार्डावरचा स्टिकर यांवर विसंबू नका. एकाच ब्रँडने हार्डवेअर मोडेमही विकले आहेत आणि विनमोडेमही. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन ‘एलएसपीसीआय -एनएन -व्ही’ ही पीसीआय कार्डांची यादी दाखवणारी कमांड चालवा आणि मोडेमची नोंद शोधा. त्या नोंदीत तीन गोष्टी वाचायच्या.

पहिली, वर्ग. ‘सीरियल कंट्रोलर’ लिहिलेलं असेल, शेजारी चौकटी कंसात ०७०० आणि पुढे १६५५० दिसत असेल, तर आशेला चांगली जागा आहे. ‘कम्युनिकेशन कंट्रोलर’ आणि ०७८० दिसलं तर बहुतेक वेळा तो विनमोडेमच. ‘मोडेम’ आणि ०७०३ हा वर्ग मदरबोर्डवरच्या एसी९७ (ध्वनीच्या चिपसोबत येणाऱ्या) मोडेमचा असतो आणि तोही सॉफ्टमोडेमच. मी ‘बहुतेक’ म्हणतो ते मुद्दाम, कारण वर्गाचा आकडा कार्ड बनवणाऱ्याने भरलेला असतो आणि सगळ्यांनी तो सारख्याच काटेकोरपणे भरलेला नाही. नावातच विनमोडेम असा शब्द असेल तर वर्ग काहीही असो, नावावर विश्वास ठेवा.

दुसरी, आय-ओ पोर्टची (कार्डाशी बोलायच्या पत्त्यांची) ओळ. हार्डवेअर मोडेमच्या नोंदीत ‘आय-ओ पोर्ट्स ॲट ई८००, साइझ ८’ अशी ओळ सापडते. १६५५० चिपला बरोबर आठ पत्ते लागतात, म्हणून तो आठाचा आकडा मोलाचा आहे. नुसती मेमरी दिसत असेल आणि आठाची आय-ओ ओळच नसेल तर यूएआरटी नाही असं धरून चाला. याच ओळीत ‘डिसेबल्ड’ लिहिलेलं असेल तर घाबरू नका. बायोसमध्ये ‘प्लग अँड प्ले ओएस’ असा पर्याय असतो; तो ‘येस’ असला की बायोस कार्डाला पत्ते वाटायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडून देतो. तो ‘नो’ करा, मशीन पुन्हा सुरू करा, नोंद परत वाचा.

तिसरी, दोन आकड्यांची ओळखखूण. अपूर्णविरामाच्या डावीकडे बनवणारा, उजवीकडे चिप. १२बी९ म्हणजे थ्रीकॉमचा मोडेम विभाग, म्हणजे यूएस रोबोटिक्स घराणं. त्यातला १२बी९:१००८ हा ५६१० मॉडेलचा सरळ हार्डवेअर मोडेम. ११सी१ म्हणजे ल्युसेंट, पुढे अगेरे. १४एफ१ म्हणजे कोनेक्झंट. १३४डी म्हणजे पीसीटेल, १६३सी म्हणजे स्मार्ट लिंक, ८०८६ म्हणजे इंटेल. ‘सबसिस्टिम’ या ओळीत जे नाव असतं ते कार्ड जोडणाऱ्याचं. ड्रायव्हर ठरवायला ते उपयोगी पडत नाही.

आयएसए (पीसीआयच्या आधीच्या जुन्या स्लॉटचं) कार्ड असेल तर ते एलएसपीसीआयमध्ये दिसणारच नाही. त्यावर जंपर असतील तर काम सोपं आहे. कॉम१ म्हणजे पत्ता ३एफ८ आणि आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला ज्या तारेवरून हाक मारतं तिचा नंबर) ४, कॉम२ म्हणजे २एफ८ आणि ३, कॉम३ म्हणजे ३ई८ आणि पुन्हा ४, कॉम४ म्हणजे २ई८ आणि पुन्हा ३. लिनक्समध्ये हेच चार अनुक्रमे टीटीवायएस० ते टीटीवायएस३. मदरबोर्डवर कॉम१ आणि कॉम२ असतातच, त्यामुळे मोडेम त्यांपैकी एकावर ठेवायचा असेल तर मदरबोर्डवरचा तो पोर्ट बायोसमधून बंद करा. दोन आयएसए पोर्टनी एकच आयआरक्यू वापरला की दोघांचंही बिनसतं.

आता समजा तुमचं कार्ड हार्डवेअर मोडेम निघालं. मग चारही पोर्ट मुके का? कारण ते चार पोर्ट वर सांगितलेल्या ठरावीक जुन्या पत्त्यांसाठी राखून ठेवलेले आहेत आणि पीसीआय कार्डाला त्यांतला एकही पत्ता मिळत नाही. त्याला ई८०० सारखा काहीतरी वरचा पत्ता मिळतो आणि कर्नल त्याला बहुधा पाचवा पोर्ट देतो, म्हणजे टीटीवायएस४. तुम्ही शोध एक पाऊल आधी थांबवलात, इतकंच झालं असण्याची दाट शक्यता आहे. अंदाज करण्यापेक्षा कर्नललाच विचारा: ‘डीएमईएसजी’ या कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडच्या आउटपुटमध्ये टीटीवायएस शोधा. ‘टीटीवायएस४ ॲट आय-ओ ०एक्सई८००, आयआरक्यू ११, इज अ १६५५०ए’ अशा अर्थाची ओळ सापडली की पोर्ट सापडला.

ती ओळ नसेल तर दोन कारणं तपासा. काही कर्नल मुळातच चारच सीरियल पोर्ट धरून बांधलेले असतात. मग पाचव्याला जागा नसते, किंवा कर्नल त्याला टीटीवायएस१ सारख्या एखाद्या रिकाम्या नंबरावर बसवतो. बूट लाइनमध्ये ‘८२५०.एनआर_यूएआरटीएस=८’ जोडलं की जागा वाढते. दुसरं कारण जुन्या, २.४ सारख्या कर्नलवर येतं: कार्ड दिसतं, पण पोर्टशी त्याची गाठ कुणी मारलेली नसते. तिथे हाताने सांगावं लागतं: ‘सेटसिरीयल /डेव्ह/टीटीवायएस४ पोर्ट ०एक्सई८०० आयआरक्यू ११ यूएआरटी १६५५०ए’. पत्ता आणि आयआरक्यू एलएसपीसीआयने दाखवले असतील तेच घाला, माझे नव्हे. टीटीवायएस४ ही फाइलच नसेल तर ‘एमकेनॉड /डेव्ह/टीटीवायएस४ सी ४ ६८’ ने बनवा. टीटीवायएस०चा नंबर ६४, तिथून मोजत गेलं की पाचव्याला ६८ येतो.

सेटसिरीयलबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ही कमांड कार्डाला काहीही सांगत नाही. कार्ड कुठे बसलंय हे ती फक्त कर्नलच्या ड्रायव्हरला सांगते. विनमोडेमवर ‘यूएआरटी १६५५०ए’ असं ठोकून बसवलंत तर सेटसिरीयल निमूटपणे मान्य करेल, तेवढ्याने कार्डावर यूएआरटी उगवणार नाही. अशा वेळी पोर्ट उघडताना ‘इनपुट-आउटपुट एरर’ येतो, किंवा डीएमईएसजीमध्ये ‘एलएसआर सेफ्टी चेक एंगेज्ड’ ही ओळ उमटते. या दोन्हींचा अर्थ एकच: त्या पत्त्यावर यूएआरटी उत्तर देत नाहीये.

पोर्ट सापडला की मोडेमशी बोलून बघा. ‘मिनिकॉम -एस’ चालवा, सीरियल पोर्ट सेटअपमध्ये जा. ‘ए’ दाबून डिव्हाइस टीटीवायएस४ करा, ‘ई’ दाबून वेग ११५२०० आणि ८एन१, ‘एफ’ म्हणजे हार्डवेअर फ्लो कंट्रोल ‘येस’, ‘जी’ म्हणजे सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल ‘नो’. मोडेम ५६के असताना ११५२०० कशासाठी? तो आकडा संगणक आणि मोडेममधल्या रस्त्याचा आहे, फोनच्या तारेचा नाही. मोडेम डेटा आवळून पाठवतो आणि आल्यावर उलगडतो, व्ही.४२बीस पद्धतीत साधा मजकूर चौपटीपर्यंत आवळला जाऊ शकतो. इकडचा रस्ता अरुंद ठेवलात तर तो फायदा तिथेच अडकतो.

बाहेर येऊन एटी टाइप करा, एंटर दाबा. चार प्रकार संभवतात.

ओके आलं: उत्तम, पुढे चला.

अक्षरं दिसत नाहीत, पण ओके मात्र येतं: फक्त प्रतिध्वनी बंद आहे, ‘एटीई१’ द्या.

अक्षर टाइप केल्यावर कित्येक सेकंदांनी उमटतं, मग दुसरं, मग एकदम चारपाच: हा आयआरक्यू चुकल्याचा हमखास पुरावा. पत्ता बरोबर आहे, म्हणून बाइट्स पोहोचतात. पण ‘डेटा आला’ ही हाक भलत्याच तारेवर जाते आणि ड्रायव्हर आपला टाइमआउट संपल्यावरच डोकावून बघतो. ‘सेटसिरीयल /डेव्ह/टीटीवायएस४ आयआरक्यू ०’ करून बघा. शून्य दिल्यावर ड्रायव्हर हाकेची वाट न बघता ठरावीक वेळाने स्वतःच विचारणा करतो. तेवढ्याने मोडेम बोलायला लागला तर निदान पक्कं झालं. मग खरा आयआरक्यू शोधून घाला, कारण शून्यावर कायम चालवलं तर वेगात मार बसतो.

आणि काहीच नाही, पूर्ण शांतता: पोर्ट चुकला, कार्ड विनमोडेम आहे, किंवा पोर्ट दुसऱ्या कुणी धरलाय. शेवटची शक्यता ‘फ्यूजर /डेव्ह/टीटीवायएस४’ ने दोन सेकंदांत निकालात निघते. मोडेममॅनेजर (मोडेम आपोआप शोधणारा पार्श्वभूमीतला प्रोग्रॅम) चालू असेल तर चाचणीपुरता बंद करा. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर प्रश्न मोडेमचा नाही, परवानगीचा आहे: डेबियन आणि त्याच्या वंशात वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घाला, काही वितरणांत तोच गट ‘यूयूसीपी’ नावाने असतो. गट बदलल्यावर लॉगआउट करून परत आत या, नाहीतर बदल लागू होत नाही.

आतापर्यंतचा धागा एवढाच: नोंद वाचून जात ठरवली, जात अनुकूल असेल तर डीएमईएसजीमधून पोर्ट घेतला, पोर्टवर ओके मिळवलं. ओके मिळेपर्यंत पीपीपी (फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडायची पद्धत), पासवर्ड, डीएनएस यांना हात लावू नका. खालची पायरी पक्की नसताना वरच्या पायरीवरचा दोष ओळखता येत नाही.

आता कमी सुखाची बाजू: कार्ड विनमोडेम निघालं तर. इथे सगळं चिप, कर्नल आणि तुमची तयारी यांवर अवलंबून आहे, त्यामुळे एकच उत्तर देता येणार नाही. ११सी१ आणि पुढचा आकडा ०४४०च्या आसपास असेल तर ती ल्युसेंटची जुनी चिप आहे. तिच्यावर डीएसपी असतं, फक्त कंट्रोलर नसतो. तिच्यासाठी एलटीमोडेम नावाचा ड्रायव्हर होता आणि नंतर मार्शियन आला, जो टीटीवायएसएम० हा पोर्ट बनवतो. विनमोडेमांत त्यातल्या त्यात सुसह्य हीच जात. पण ११सी१ दिसलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. ०४८सी सारख्या त्याच घराण्यातल्या नंतरच्या चिपना हे दोन्ही ड्रायव्हर चालत नाहीत.

स्मार्ट लिंकची चिप, किंवा मदरबोर्डवरचा एसी९७ मोडेम असेल तर एसएलमोडेम. त्याचा मुख्य भाग एसएलमोडेमडी हा पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम आहे आणि तो टीटीवायएसएल० बनवतो. एसी९७ मोडेमच्या बाबतीत ध्वनीचा ड्रायव्हर, म्हणजे इंटेलच्या चिपसेटवर ‘एसएनडी-इंटेल८एक्स०एम’, कार्ड उचलतो आणि एसएलमोडेमडीला ‘--अल्सा’ पर्यायाने (अल्सा म्हणजे लिनक्सची ध्वनियंत्रणा) त्या कार्डाचा नंबर द्यायचा. तो नंबर ‘/प्रॉक/असाउंड/कार्ड्स’मध्ये ‘मोडेम’ शब्दाशेजारी असतो. मेख अशी की एसएलमोडेमचं गणित ज्या फाइलमध्ये आहे ती उघड्या स्रोतात नाही, ३२ बिटांत आधीच संकलित करून दिलेली आहे. ६४ बिटांच्या सिस्टिमवर ३२ बिटांच्या लायब्ररी घातल्या तर अल्साच्या वाटेने चालवता येतं. त्याचं स्वतःचं कर्नल मॉड्यूल मात्र ६४ बिटांवर चढत नाही, म्हणून पीसीआय कार्डासाठी ३२ बिटांचाच कर्नल हवा.

कोनेक्झंटचे दोन गट आहेत. एचसीएफमध्ये डीएसपी कार्डावर, एचएसएफमध्ये सगळं प्रोसेसरवर. दोघांचे ड्रायव्हर लिनक्सअँटकडून यायचे आणि फुकट आवृत्ती १४.४ केबीपीएसलाच अडवलेली होती. पीसीटेलचे ड्रायव्हर त्याहून जुन्या कर्नलांत अडकून पडलेले आहेत.

या सगळ्या ड्रायव्हरना एकच दुखणं आहे: ते कर्नलच्या बाहेर वाढले. कर्नलची आतली रचना बदलत राहते आणि बाहेरचं मॉड्यूल कुणी बरोबरीने बदललं नाही तर पुढच्या कर्नलवर ते बांधलंच जात नाही. ही ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची चूक नाही. बंद चिपवर त्यांनी जे केलं ते खरोखर मोठं काम होतं. पण आजच्या कर्नलवर हा ड्रायव्हर दुरुस्त करत बसायचं का, हे आधी ठरवा. मशीन फक्त डायल-अपसाठीच ठेवायचं असेल आणि त्यावर जुना ३२ बिटांचा कर्नल गोठवून ठेवणं परवडत असेल, तर करून बघा. तेच मशीन रोजच्या वापराचं असेल, सुरक्षेचे अपडेट हवे असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: कार्ड काढा आणि सीरियल पोर्टचा बाहेरचा मोडेम, किंवा कंट्रोलरसह येणारा यूएसबी मोडेम लावा. यूएस रोबोटिक्सचा ५६३७ हा असा यूएसबी मोडेम आहे. तो सीडीसी-एसीएम हा मान्य नियम पाळतो, म्हणून लावल्याबरोबर टीटीवायएसीएम० दिसतो. सगळेच यूएसबी मोडेम तसे नसतात, त्यांतही सॉफ्टमोडेम आहेत, म्हणून घेण्याआधी खोक्यावर सीडीसी-एसीएम हा शब्द शोधा.

फ्रीबीएसडीने यात काही फरक पडतो का? हार्डवेअर मोडेम तिथेही तितकाच सहज चालतो. नोंद ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ ने वाचायची; पोर्ट ८.० पासून सीयूएयू० या धर्तीचा, त्याआधीच्या ६ आणि ७ मध्ये सीयूएडी०. बोलायला ‘सीयू -एल /डेव्ह/सीयूएयू० -एस ११५२००’, बाहेर पडायला नव्या ओळीवर टिल्ड आणि टिंब. बाहेर फोन लावताना सीयूए नावाचाच पोर्ट वापरा. टीटीवाय नावाचा त्याचा जोडीदार समोरून कॅरियर (समोरच्या मोडेमचा सूर) येईपर्यंत उघडतच नाही आणि मशीन अडकल्यासारखं वाटतं. विनमोडेमसाठी मात्र तिकडे पर्याय लिनक्सपेक्षाही कमी. त्यासाठी सिस्टिम बदलण्यात अर्थ नाही.

ओके मिळालं आहे असं धरून पुढे जाऊ. आधी तार. कार्डावर दोन सॉकेट असतात, दिसायला अगदी सारखे. एकावर ‘लाइन’ किंवा भिंतीच्या सॉकेटचं चित्र, दुसऱ्यावर ‘फोन’ किंवा रिसीव्हरचं चित्र. भिंतीकडून आलेली तार ‘लाइन’मध्येच हवी, चित्र पुसट असेल तर टॉर्च लावून बघा. ऑफिसच्या डिजिटल एक्स्चेंजची लाइन थेट लावू नका, त्यावरचा विद्युतदाब वेगळा असतो आणि मोडेम जळू शकतो. त्याच लाइनवर ब्रॉडबँड असेल तर मोडेमच्या आधी फिल्टर लावा.

मग कारखान्याच्या मूळ सेटिंगवर या: ‘एटी&एफ’. यूएस रोबोटिक्सवर ‘एटी&एफ१’, कारण तिथे हार्डवेअर फ्लो कंट्रोल त्याच साच्यात आहे. रॉकवेल आणि कोनेक्झंटच्या घराण्यात फ्लो कंट्रोल ‘एटी&के३’ ने चालू होतो. हे राहून गेलं तर जोडणी होते, छोटी पानं येतात, मोठी फाइल मात्र मधेच तुटते. फॅक्स हवा म्हणालात, तर ‘एटी+एफक्लास=?’ विचारा. उत्तरातलं ० म्हणजे डेटा, १ किंवा २ म्हणजे फॅक्स. नुसतं ० आलं तर या कार्डाने फॅक्स जाणार नाही.

‘एटीडीटी’ पुढे नंबर टाइप करून मिनिकॉममधूनच एकदा फोन लावा. ‘नो डायलटोन’ आलं आणि त्याच तारेवर साधा फोन चालत असेल तर ‘एटीएक्स३’ द्या. मोडेम टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. एक्स्चेंजचा टोन वेगळा असेल, किंवा व्हॉइसमेलमुळे तुटक वाजत असेल, तेव्हा हे लागतं. बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य लागत असेल तर शून्यानंतर स्वल्पविराम द्या, प्रत्येक स्वल्पविराम सहसा दोन सेकंद थांबवतो. ‘कनेक्ट ११५२००’ दिसलं तर तो तारेवरचा वेग समजू नका, ते इकडच्या रस्त्याचं मोजमाप आहे. कोनेक्झंट घराण्यात ‘एटीडब्ल्यू२’ दिल्यावर खरा वेग दिसतो. समोरही साधाच मोडेम असेल तर ३३६०० च्या वर काही मिळणार नाही. ५६के मिळण्यासाठी समोरचं टोक डिजिटल असावं लागतं, आणि तेही फक्त उतरणाऱ्या दिशेने.

शेवटची पायरी पीपीपी. ‘/ईटीसी/पीपीपी/पीअर्स’ मध्ये एक फाइल बनवा आणि तिच्यात एकेका ओळीवर पोर्ट, ११५२००, सीआरटीएससीटीएस, मोडेम, लॉक, नोऑथ, नोआयपीडिफॉल्ट, डिफॉल्टरूट, यूजपीअरडीएनएस, युजर आणि चॅटची (मोडेमला फोन लावायला सांगणारा छोटा प्रोग्रॅम) कनेक्ट ओळ लिहा. पासवर्ड पॅप-सीक्रेट्स या फाइलमध्ये, आणि सेवा देणारा चॅप (पासवर्ड तपासायची दुसरी पद्धत) मागत असेल तर चॅप-सीक्रेट्समध्येही. दोन्हींची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. ‘नोऑथ’ विसरू नका, नाहीतर आपला पीपीपीडी (पीपीपी चालवणारा प्रोग्रॅम) उलट समोरच्याकडूनच ओळखपत्र मागू शकतो. डब्ल्यूव्हीडायल (फोन लावून जोडणी करून देणारा प्रोग्रॅम) वापरलंत तर ही बरीचशी उठाठेव वाचते, पण टीटीवायएसएल० वर ते वापरताना ‘कॅरियर चेक = नो’ लिहा; तो खरा सीरियल पोर्ट नसल्याने कॅरियरची तार तिथे नाहीच.

चॅटमध्ये एक बारीक खोच आहे. चॅट सहसा ४५ सेकंद वाट बघतं. मोडेम मात्र एस७ रजिस्टरमधल्या आकड्याइतका, म्हणजे ५० किंवा ६० सेकंद, कॅरियरची वाट बघतो. लांबच्या जोडणीत मोडेम अजून सूर जुळवत असतो आणि चॅट आधीच हात वर करून फोन ठेवतं. नोंदीत फक्त ‘फेल्ड’ दिसतं आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘टाइमआउट ७५’ घाला.

पहिल्या काही वेळा पीपीपीडी ‘नोडिटॅच डीबग’ घालून चालवा, म्हणजे सगळं समोर दिसतं. काम फसलं तर लगेच त्याचा एक्झिट कोड विचारा. ८ म्हणजे चॅट फसलं, पीपीपीपर्यंत पोहोचलातच नाही. १० म्हणजे दोन्ही बाजूंचं बोलणं जुळलं नाही. १६ म्हणजे मोडेमने लाइन सोडली. १९ म्हणजे समोरच्याने तुमचं नाव-पासवर्ड नाकारलं. ‘एलसीपी टाइमआउट’ आणि त्यासोबत ‘८-बिट क्लीन नाही’ असं दिसलं तर समोरून पीपीपी नव्हे, साधा मजकूर येतोय, बहुधा लॉगिनचा प्रश्न. मिनिकॉममधून फोन लावून तो डोळ्यांनी वाचा आणि त्याचं उत्तर चॅटच्या स्क्रिप्टमध्ये घाला.

आणि सगळं जुळलं, आयपी मिळाला, तरी एकही पान उघडत नसेल तर ‘रूट -एन’ बघा (इथला रूट म्हणजे रस्ता, आर-ओ-यू-टी-ई). नेटवर्क कार्डाने आधीच डिफॉल्ट रूट घेऊन ठेवला असेल तर पीपीपीडी तो बदलत नाही, ‘नॉट रिप्लेसिंग एग्झिस्टिंग डिफॉल्ट रूट’ एवढं लिहून गप्प बसतो. नेटवर्क कार्डाचा तो रूट काढा आणि फोन पुन्हा लावा.

इतकं करूनही अडलं तर तीन गोष्टी जशाच्या तशा लिहून पाठवा: एलएसपीसीआयमधली मोडेमची पूर्ण नोंद, आकड्यांसकट, डीएमईएसजीमधल्या टीटीवायएसच्या ओळी, आणि ‘यूनेम -ए’ ने दाखवलेली कर्नलची आवृत्ती. पहिली नोंद हाती आली की तुमच्या कार्डात किती मोडेम आहे हे मला नक्की सांगता येईल.